भाऊले टेन्शन देऊ नका

माझ्या तोंडातला कॅन्सर खर्र्यामुळे झाला. हे पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो, कारण एवढं एक वाक्य कबूल करायला मला फार दिवस लागले. सुरुवातीला जो विचारेल त्याला मी सांगायचो, "टेन्शन, दुसरं काय!" शिफ्टची नोकरी, झोपेचं खोबरं, पोरीच्या कॉलेजची काळजी. ऐकणाराही लगेच मान डोलवायचा. टेन्शनचं नाव घेतलं की कोणाकडेच बोट जात नाही, त्यामुळे ते सगळ्यांनाच सोयीचं असतं.

मी दिवाकर. वय एक्कावन्न. ऊर्जानगरला औष्णिक वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर आहे. क्वार्टरमध्ये मी, बायको वनिता आणि चंद्रपूरला कॉलेजात जाणारी मुलगी पल्लवी. आई आणि धाकटा भाऊ मोरेश्वर गावाकडे, धानोऱ्याच्या पुढे जंगलात. मागच्या तपासणीत नागपूरच्या डॉक्टरबाईंनी तोंडात दिवा मारून पाहिलं, "छान" म्हणाल्या आणि पुढची तारीख लांबची दिली. त्यामुळे आता लिहायला बसलोय. हे त्याच्यासाठी आहे जो आज हॉस्पिटलच्या बाकावर फाईल मांडीवर घेऊन बसलाय. आणि त्याहून जास्त त्याच्या शेजारी बसलेल्या माणसासाठी, जो मनात ठरवतोय की याला काय सांगायचं आणि काय लपवायचं.

बटण दाबलं म्हणजे काम झालं नाही

कंट्रोल रूममध्ये आमच्यासमोर छोट्या छोट्या खिडक्यांचा फलक असतो, प्रत्येकीवर एकेका बिघाडाचं नाव. कुठे काही बिनसलं की त्यातली एक खिडकी लुकलुकते आणि हूटर बोंबलायला लागतो. बटण दाबलं की हूटर गप्प होतो, पण खिडकी पेटलेलीच राहते. मूळ कारण दूर होईपर्यंत ती विझत नाही. नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो, की आवाज बंद केला म्हणजे काम झालं असं समजू नको.

कितीतरी जणांना हे शिकवणाऱ्या या गुरुजींनी स्वतःच्या तोंडातला हूटर बंद करण्यात आठ महिने काढले. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला. मग तिखट झोंबायला लागलं. मी वनिताला म्हटलं, भाजीत मिरची कमी टाकत जा, ॲसिडिटी वाढली. मग जखम झाली. खर्र्यातला चुना तिथे लागायचा, म्हणून मी काय केलं असेल? खर्रा उजव्या गालात ठेवायला लागलो. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून देतात तो हा खर्रा. निम्मा जिल्हा तो गालात धरून फिरतो आणि गालाला काही झालं की टेन्शनला शिव्या देतो.

माझ्या शिफ्टमधले सलीमभाई एके काळी माझ्याच पुडीतला खायचे. एका रमजानमध्ये त्यांनी सोडला तो सोडलाच. ते मागे लागले होते. "भाऊ, दाखवून या ना एकदा. काय बिघडते?" मी म्हणायचो, बघू. शेवटी जांभई देताना तोंड पुरतं उघडेना, तेव्हा चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी आत पाहिलं आणि ओळखीने अरे-तुरे करणारे ते एकदम 'अहो-जाहो' करायला लागले. तिथेच मला कळलं.

बिचारं टेन्शन

तुकडा काढून तपासणीला पाठवला, आणि पुढच्या आठवड्यात आम्ही नागपूरच्या हॉस्पिटलात. डॉक्टरबाई बारीक चणीच्या, चष्म्याची काडी चावायची सवय असलेल्या. रिपोर्ट वाचून त्यांनी सरळ सांगितलं, कॅन्सर आहे, ऑपरेशन करू, मग तीस वेळा रेडिएशन देऊ, आणि बरं व्हायची चांगली आशा आहे. मी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. मला फक्त टेबलावरचा पंखा दिसत होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "टेन्शनमुळेच होते ना हे, डॉक्टर?"

"खर्रा किती वर्षं?"

"बावीस."

"दिवसाला?"

"पाच पुड्या."

वनिताने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिला दोन माहीत होत्या.

"मग त्या बिचाऱ्या टेन्शनला कशाला मधे आणता?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्याचं काम वेगळं आहे. त्याच्यावर आपण नंतर बोलू. एक मात्र आत्ताच सांगते. रेडिएशन सुरू झालं की खाडा करायचा नाही. मधे खंड पडला की राहिलेल्या पेशींना डोकं वर काढायला वेळ मिळतो. तोंड सोलून निघेल, तुम्ही मला शिव्या घालाल, तरी यायचं."

वनिता लिफ्टमध्ये म्हणाली, "पाच?" बस, एवढंच.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी गावाकडे आईला फोन केला. नोकरीला लागल्यापासून एकही रविवार हा फोन चुकला नव्हता. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. म्हटलं, "कंपनी ट्रेनिंगले पाठवून राह्यली, लांब. तिथं फोन चालत नाई. तीन-चार महिने लागन." आई म्हणाली, "बरं. सांभाळून राहा." मोरेश्वरला मी बजावून ठेवलं की आईला टेन्शन द्यायचं नाही. म्हणजे या थापेचा पाया मीच घातला. घरच्यांनी पुढे त्यावर माडी चढवली, एवढंच.

दारावरचा कागद

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. डाव्या गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या, आणि छातीवरची कातडी तोंडात आणून शिवली. शुद्धीवर आल्यावर नाकात नळी आणि तोंड भोपळ्याएवढं. गंमत म्हणजे काही दिवसांनी तोंडात आतून केस उगवायला लागले. छातीची कातडी, ती आपला धर्म कशी सोडेल? जिभेला केस लागायचे आणि मी एकटाच हसायचो. हसलं की टाके ओढायचे.

बोलता येत नव्हतं म्हणून पल्लवीने एक पाटी आणून दिली. पोरगी हुशार आहे. पण हुशार माणसाच्या हातात मोबाईल असला की तो अर्धा डॉक्टर होतो. तिने कुठलातरी व्हिडिओ पाहिला होता. माणसाला टेन्शन आलं की अंगात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं, त्याने प्रतिकारशक्ती झोपते आणि कॅन्सर फोफावतो. बस. दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलच्या खोलीच्या दाराला, बाहेरून, तिच्या सुवाच्य अक्षरात कागद लागला: 'बाबांसमोर फक्त चांगल्या गोष्टी बोला.' नंतर रेडिएशनसाठी आम्ही हॉस्पिटलच्या मागे भाड्याची खोली घेतली, तिथेही तो कागद आला. वनिताने त्याचं साध्या भाषेत भाषांतर केलं होतं. मला सगळे भाऊ म्हणतात, म्हणून जो येईल त्याला जिन्यातच सांगायची, "भाऊले टेन्शन देऊ नका."

मग काय, माझ्याभोवतीचं जग एकदम सोन्याचं झालं. सगळे नातेवाईक सुखी, सगळ्यांच्या पोरांना चांगले मार्क, शेजारच्यांची सासू-सून गळ्यात गळे. सलीमभाई फोनवर म्हणायचे, "युनिट एकदम मस्त चालू राह्यलं भाऊ, तुमी आराम करा." पहिल्या आठवड्यात बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की असं जग नसतं. एवढं चांगलं फक्त मरणाऱ्या माणसालाच सांगतात.

तीन टकटकी

रेडिएशन रोज सकाळी दहाला, शनिवार-रविवार सुट्टी. तोंडाच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार मास्क चढवतात आणि तो टेबलाला खटाखट अडकवतात. डोकं तसूभर हलत नाही. मग सगळे बाहेर जातात आणि जाडजूड दरवाजा बंद होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता आपण इथेच संपलो. तिथला टेक्निशियन जाताना टेबलावर बोटांनी तीनदा टकटक करायचा. काही बोलायचा नाही. का करायचा ते मी कधी विचारलं नाही, पण त्या तीन टकटकींवर माझे तीस दिवस निघाले. बाहेर आल्यावर चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उमटलेले असायचे. वनिता म्हणायची, "इडली झाली तुमची."

दहाव्या-बाराव्या वेळेनंतर तोंड आतून सोलून निघालं. थुंकी गिळणं म्हणजे काच गिळणं. वनिता ताक बर्फाच्या साच्यात गोठवून एकेक खडा जिभेवर ठेवायची. आयुष्यात एवढी चविष्ट गोष्ट मी खाल्ली नाही. नळीतून भाताची पेज जायची. आणि दिवसातून चार वेळा तोंडाचा व्यायाम करायचा. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये सारायच्या, म्हणजे जबडा उघडत जातो. माझं तोंड तेव्हा जेमतेम एक बोट उघडायचं. तीन बोटं झाली की पास, असं ठरलं होतं.

खिडकीतला एक्स-रे

तिसऱ्या आठवड्यात घरातला वारा बदलला. वनिता फोन आला की जिन्यात जायची. पल्लवीचे डोळे सुजलेले दिसायचे, विचारलं की म्हणायची सर्दी झाली. दर रविवारी येणारा मोरेश्वर दोन रविवार आलाच नाही. पाटीवर लिहून विचारलं तर वनिता म्हणाली, "शेतीचं काम हाय त्यायले." उन्हाळ्यात धानाच्या शेतात कसलं आलंय काम? मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे. मला काय शिकवते?

मग एका बुधवारी रेडिएशनहून आल्यावर मला डोळा लागला. जाग आली तेव्हा मोरेश्वर आलेला होता. खिडकीपाशी पाठमोरा उभा राहून तो एक मोठा एक्स-रे उजेडात धरत होता आणि वनिताला बोटाने काहीतरी दाखवत होता. वनिताने तोंडाला पदर लावला होता. मी खाकरलो. एक्स-रे एका सेकंदात पिशवीत.

"काय भाऊ, बरं हाय ना?" मोरेश्वर हसला. त्याला खोटं हसताच येत नाही.

मी काही विचारलं नाही. विचारायचं कशाला? माझं मला कळलं होतं. एवढा मोठा एक्स-रे छातीचाच असणार, म्हणजे कॅन्सर छातीत पसरला. सगळ्यांना माहीत आहे आणि मला टेन्शन येऊ नये म्हणून सांगत नाहीत.

त्यापुढचे दोन दिवस कसे होते ते सांगतो, कारण माझ्यासारखं कोणी आत्ता पडलेलं असेल. छाती सतत धडधडायची, पडून असतानाही. हातपाय गार. झोप नाही. पेज नळीतून टाकायला आली की मी नको म्हणायचो. डोक्यात एकच हूटर, आणि त्याला बंद करायचं बटण कुठेच नाही. गुरुवारी सकाळी मी पाटीवर लिहिलं, 'आज जात नाही.' शुक्रवारी पुन्हा तेच लिहिलं. पसरलाच आहे तर तोंड कशाला जाळून घ्यायचं? वनिता रडली, पल्लवीने हात जोडले. दोघी म्हणत होत्या, "काही नाई झालं बाबा, सगळं चांगलं हाय." हे ऐकून मी आणखी पक्का झालो.

शुक्रवारी दुपारी दोघी डॉक्टरबाईंना भेटायला गेल्या आणि मी खाली उतरून पानठेल्यावरून खर्रा घेतला. हो, घेतला. जिन्यात बसून पुडी सोडली. चिमूट तोंडापाशी नेली आणि तोंड उघडेना! एका बोटाच्या फटीतून आणि सोललेल्या जिभेवरून खर्रा आत जाईना. मी जिन्यात बसून, हातात खर्रा धरून रडलो. बावीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा नाही म्हटलं.

चार्ज द्या

संध्याकाळी सलीमभाई आले. आदल्याच महिन्यात आलो असतो पण सुट्टी मिळाली नाही, म्हणाले. वनिताने त्यांना जिन्यात गाठून मंत्र दिलेला होताच. आत येऊन ते स्टुलावर बसले आणि सुरू झाले. "एकदम फ्रेश दिसून राह्यले भाऊ! युनिट तर मस्त..."

मी पाटी घेतली. आमच्याकडे शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला 'चार्ज' देतो. कुठला पंप बंद आहे, कुठली खिडकी पेटलेली आहे, काय अर्धवट राहिलं आहे, सगळं सांगायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सही करायची. माणूस बायकोशी खोटं बोलेल, साहेबाशी तर बोलेलच. पण चार्ज देताना कोणी खोटं बोलत नाही. खाली मशिनवर माणसं काम करत असतात, त्यांचा जीव त्या चार वाक्यांवर असतो. सलीमभाईंना मी तेवीस वर्षांत कधी चार्ज देताना एक शब्द गाळताना पाहिलं नाही.

मी पाटीवर लिहिलं, 'सलीमभाई, चार्ज द्या.' आणि त्यांच्यापुढे धरली.

सलीमभाईंनी ते वाचलं. त्यांनी वनिताकडे पाहिलं, पल्लवीकडे पाहिलं. मग सवयीने स्टुलावरून उठून उभे राहिले.

"भाभी, माफ करा," ते म्हणाले. "याले नाई म्हणता येत नाई मले." मग माझ्याकडे वळले. "युनिट बंद हाय. पंधरा दिवस झाले, ओव्हरहॉलिंगले गेलं. मी खोटं बोललो. दुसरी गोष्ट. तुमची आई पडली, भाऊ. मोहाच्या झाडाखाली. खुब्याचं हाड मोडलं. गडचिरोलीले ऑपरेशन झालं. आता बऱ्या आहेत, उठून बसतात. तीन वर्षं झाले मोहफुलं वेचणं सोडलं होतं त्यायनं, यंदा काऊन गेल्या ते कोणाले समजून नाई राह्यलं. बस. बाकी काई पेंडिंग नाई."

मी लिहिलं, 'एक्स-रे?'

"आजीचा होता," पल्लवी रडत म्हणाली. "काका इथल्या हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन आले होते. तुमचा रिपोर्ट चांगलाच आहे बाबा. खरंच चांगला आहे."

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते, पण लिहितो. आईचं हाड मोडलं हे ऐकून मला आधी आनंद झाला. छाती माझी नव्हती! छातीतली धडधड एकदम खाली बसली. आणि मग पाठोपाठ आई आठवली, फरशीवरून चालतानाही भिंत धरणारी. रडू आलं. पण ते रडू वेगळं होतं, ते वाहून गेलं आणि थांबलं.

त्यानंतर आला राग. उठून दारावरचा कागद टराटरा फाडला. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'माझी आई. मला सांगितलं नाही!'

वनिता तोपर्यंत खाली मान घालून होती. तिने मान वर केली. "आन् तुमी? आठ महिने तोंडातलं लपवलं. पाच पुड्यांच्या दोन सांगितल्या. आईले ट्रेनिंगची थाप कोणं मारली, आमी? तवा नाई आलं का कोणाले टेन्शन?"

पाटी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली. सलीमभाई छताकडे पाहत होते. शेवटी मी खिशातली खर्र्याची पुडी काढून वनिताच्या हातात दिली. माझ्याकडूनही चार्ज पूर्ण झाला.

टेन्शनचं काम

सोमवारची वाट न पाहता शनिवारी आम्ही तिघं डॉक्टरबाईंपुढे उभे राहिलो. आधी त्यांनी मला अर्धा तास झापलं. दोन दिवसांची भरपाई कशी करायची ते ठरवून पुढच्या दोन शनिवारी मशीन लावायची सोय केली. मग पल्लवीने विचारलं, कॉर्टिसॉलचं ते खरं आहे की नाही?

"अर्धं खरं आहे," त्या म्हणाल्या. "संकट दिसलं की अंगात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतात. छाती धडधडते, ताकद येते, माणूस पळतो किंवा भिडतो. काम झालं की ते उतरतात. त्यात वाईट काही नाही, त्याच्याशिवाय जगताच येणार नाही. ते उतरलेच नाहीत, आठवडेच्या आठवडे चढलेले राहिले, तर मात्र झोप मोडते, जखम हळू भरते, शरीराची राखण करणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत ताणाखाली गाठी लवकर वाढताना दिसल्या आहेत. माणसात असंच होतं का, हे अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे 'तू काळजी केलीस म्हणून तुझा आजार वाढला' असं कोणत्याही पेशंटला कोणी म्हणायचं नाही. हा दुहेरी मार होतो. पण ताण आलेला माणूस काय करतो, ते मला या खुर्चीतून रोज दिसतं. तो जेवत नाही. झोपत नाही. पुन्हा पुडी उघडतो. आणि रेडिएशन सोडून खोलीत बसतो."

मी जमिनीकडे पाहिलं.

"म्हणजे वाईट बातमी सांगितली तर चालते?" पल्लवी म्हणाली.

"वाईट बातमीने तुझे बाबा एक दिवस रडतील आणि जेवतील. तुमच्या कुजबुजीने ते दोन रात्री जागे राहिले आणि रेडिएशन सोडून बसले."

मला ते नीट कळलं, कारण ते आमच्याच फलकावरचं होतं. घरच्यांनी हूटर बंद केला आणि खिडकीवर फडकं टाकलं. फडक्याखालचा उजेड मला दिसतच होता, फक्त त्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. मग माणूस सगळ्यात वाईट तेच वाचतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे संध्याकाळी सातला चार्ज सुरू झाला. वनिता, पल्लवी, मी, आणि फोनवर मोरेश्वर. दिवसभरातलं काहीही गाळायचं नाही, वाईट आधी सांगायचं. पहिल्या दिवशी मोरेश्वर म्हणाला, आईच्या टाक्यातून पाणी येऊन राह्यलं. चौथ्या दिवशी म्हणाला, सुकलं. त्या दोन्ही दिवशी मी झोपलो. पल्लवीने सांगितलं की एका विषयात नापास होणार आहे. झालीही. मला टेन्शन आलं का? आलं. पाटीवर तिला चार शब्द सुनावले आणि पेज मागितली. तीसच्या तीस रेडिएशन पूर्ण झाली. शेवटच्या दिवशी टेक्निशियनच्या टेबलावर मीच तीनदा टकटक केली. तो हसला.

एका माणसाला मात्र या चार्जमधून आम्ही वगळलं होतं. आईला. तिच्यासाठी मी अजून ट्रेनिंगलाच होतो. मोरेश्वर म्हणायचा, "आता तिची तब्येत नाजूक हाय, भाऊ." मी म्हटलं, मी स्वतः येऊन सांगतो.

दोन बोटं

मे महिन्यात गेलो. धानोऱ्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेंदूपानांचे पुडे वाळत घातले होते. मोहाखाली आता काही नव्हतं. घरी पोचलो तेव्हा मोरेश्वर मागे गोठ्यात होता. आई पडवीत खाटेवर बसली होती, शेजारी वॉकर. नाकातली नळी निघाली होती, पण मानेवरचा व्रण कानापासून गळ्यापर्यंत उघडाच. तो झाकायला मी उपरणं घेतलं नव्हतं.

"ये," आई म्हणाली. "झाली ट्रेनिंग?"

मी तिच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. शब्द तुटत होते, लाळ पुसावी लागत होती. कॅन्सर सांगितला, पाच पुड्या सांगितल्या, जिन्यातली सहावीही सांगितली. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. बोलणं संपल्यावर व्रणावरून बोट फिरवलं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली.

"कोणं सांगितलं?"

"कोन सांगते मले? इतक्या वर्सात रविवारचा फोन चुकला नाई तुजा. मोरू म्हने, ट्रेनिंगले गेला. ट्रेनिंगात मानसाची वाचा जाते का? मी म्हटलं, याच्या तोंडालेच झालं. दुसरं काय होईन, खर्रा कमी खाल्ला का तू?"

"मंग विचारलं काऊन नाई आई?"

"तुमी सगळे एवढ्या मेहनतीनं खोटं बोलून राह्यले. म्हटलं, आपून विचारून आनखी कायले टेन्शन द्या पोरायले." तिने वॉकरकडे पाहिलं. "पन घरी बसलं का तुज्या तोंडाचाच विचार ये. झोप नाई, जेवन नाई. हाताले काई काम पायजे म्हनून गेली मोहाखाली. डोकं ठिकान्यावर नव्हतं, बांधावरून पाय घसरला."

यंदा ती मोहाखाली का गेली, हे कोणालाच कळत नव्हतं. तिचं हाड माझ्या ट्रेनिंगने मोडलं होतं. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "सोड, दुखते तो पाय."

मग तिने माझी हनुवटी धरली. "आ कर." मी केला. तिने स्वतःची दोन बोटं उभी करून माझ्या दातांमध्ये मापली. "दोन," ती म्हणाली. "तीन झाले का येजो, लाखोळीच्या डाळीचे वडे करून खाऊ घालीन." आणि मग पुढे झुकून, गोठ्याकडे एक नजर टाकून, हळूच म्हणाली, "काल मी वॉकर सोडून चार पावलं चालली. मोरूले सांगू नको. टेन्शन घेते तो."

मी तिच्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं सगळं, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पूर्ण जोर लावून ओरडलो, "मोरूऽऽ! इकडं ये लवकर! आई काय म्हणते ते ऐक!"